जीपखालची वेल्डिंग

अण्णा, तुमच्या जीपचे दोन्ही ॲक्सल मी बदलून घेतले, आणि तेही अंबडच्या त्याच मिस्त्रीकडून, ज्याचं नाव घरात काढलेलं तुम्हाला खपत नसे. रागावू नका, आधी ऐका. गुरांची डॉक्टर म्हणून मी पेठकडच्या पाड्यांवर फिरते. मागे औषधं, बर्फाच्या पेट्या, कधी एखादं आजारी वासरू. मागच्या चाकाचा आवाज वाढला तशी मी घाटाचा रस्ता टाळायला लागले. बाकीचे गॅरेजवाले म्हणाले, "मॅडम, भंगारात द्या." मोठ्या गाडीचे दणकट ॲक्सल आणून जुन्या जीपला बसवणारा हा एकच उरलाय.

सावळघाटातला तो दिवस तुम्ही इतक्यांदा सांगितलात, की मी गाडीत नसूनही मला दिसतो. जीप वऱ्हाडाच्या भाड्याला निघालेली, माणसांनी भरलेली, आई तुमच्या शेजारी. वळणावर मागच्या ॲक्सलचा दांडा तुटतो, चाक निखळतं, गाडी कठड्याला घासत जाते आणि आईचा डावा हात दगड आणि पत्र्यात चेंगरतो. त्या हाताची मूठ पुन्हा कधी वळली नाही. "नवा सांगून जुना दांडा घातला चोरानं," एवढंच तुम्ही या मिस्त्रीबद्दल म्हणत राहिलात. पुढे कुठल्याही गॅरेजात मला स्टुलावर बसवायचात. एकदा मी वेफर्स खात इकडेतिकडे बघत होते, तर सगळ्यांसमोर ओरडलात, "मिस्त्रीच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघ!"

म्हणून मी बघत होते. आणलेल्या ॲक्सलचा रंग किल्लीनं खरवडून पाहिला, आत जोड लपवलाय का म्हणून. बाकीचे पार्ट बदलले जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर गुपचूप नेलपॉलिशचे ठिपके दिले. मिस्त्री आता म्हातारा झालाय, पण नजर तीक्ष्ण. "ताई, नेलपॉलिशचा रंग चांगलाय," म्हणाला. मी ओशाळले नाही. असा माणूस हसून बोलतो तेव्हाच जास्त सावध राहावं, असं वाटलं.

जुना मागचा ॲक्सल खाली उतरवला. दांडा ज्या जाड नळीत फिरतो, तिच्यावरचा चिखल आणि ग्रीस त्यानं डिझेलनं धुतलं, आणि खाली वेल्डिंगचा जाडजूड वळ निघाला.

"ही वेल्डिंग कुणाची?" मी विचारलं.

"माझीच. नळी वाकली होती. तुमच्या अण्णांना म्हटलं, ही बदला, वाकड्या नळीत नवाकोरा दांडा पण तुटणार. ते म्हणाले, एवढी लग्नसराई निघू दे, तोवर जोडून दे."

"मग अपघातानंतर का नाही बोललात?"

"बोललो ना! तुमच्या दारात येऊन बोललो. त्यांनी मला हाकलून दिलं."

माझा विश्वास बसला नाही. मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं. पण परतताना आठवलं, अपघातानंतर तुम्ही जीपमध्ये कधी चारच्या वर माणसं बसवली नाहीत. आईच्या काळजीनं, असं मी समजत आले; खालच्या नळीचा विचार कधी मनात आला नव्हता.

घरी आई एका हातानं मेथी निवडत होती. मी एवढंच विचारलं, "अपघातानंतर मिस्त्री आपल्याकडे आला होता का गं?"

"मी आतल्या खोलीत होते. मला काही ऐकू आलं नाही," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. काय ऐकलंस, हे मी विचारलंच नव्हतं. मग तिनं जुडी तशीच ठेवली आणि उठून देवघरात गेली. मी पुन्हा विचारलं नाही.

नवे ॲक्सल उत्तम आहेत. परवा मागे कडब्याच्या पेंढ्या आणि शेजारी आईला घेऊन घाट चढले. आई सगळा वेळ दरीकडे बघत होती. मी आवाज शोधत होते, आणि एकही येत नव्हता. त्यानं काम चोख केलंय, हेच मला अवघड जातंय. वाईट केलं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तुम्ही काय उत्तर दिलं असतं, तेही मला ठाऊक आहे, "हाताकडे बघ", आणि ते ऐकायची आता भीती वाटते. खरं सांगू अण्णा? तो मिस्त्री खोटारडाच निघावा, अशी माझी अजूनही फार इच्छा आहे.