नरसिंहपूरच्या माडीवर माझा कोट

बारामती,
ज्येष्ठ शुद्ध तृतीया, शके १८५७

वडील साडूबंधू आबासाहेब यांना,

बारामतीहून धाकटा साडू रघुनाथ याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत, म्हणजे विमल खुशाल आहे, मुलं खुशाल आहेत आणि मी आहे. तुमचा खोकला आता कसा आहे? सिंधुअक्कांचा गुडघा नव्या जिन्याची चढउतार सोसतो ना? मातोश्री छबूबाईंच्या प्रकृतीला आराम असेलच. (त्यांना ऐकू कमी येतं एवढं मला ठाऊक होतं, त्या बोलल्या की निम्म्या नरसिंहपुराला ऐकू जातं, हे परवाच्या घरभरणीत कळलं.) तुमच्या म्हशीचंही कुशल विचारणार होतो, पण तिच्या गोठ्यात शहाबादी फरशी पाहिल्यावर ते विचारायची गरज वाटेना. आमचं स्वयंपाकघर अजून शेणानं सारवतात.

विमलचं म्हणणं असं की मी तुमच्यावर जळतो. सख्ख्या बायकोनं असं म्हणावं याचं वाईट वाटतं. मी तिला शांतपणे सांगितलं की आबासाहेबांच्या घराला मंगलोरी कौलं आहेत, माडी आहे, खिडक्यांना रंगीत काचा आहेत, विहिरीवर इंजिन आहे, लिंबाची बाग पुण्याच्या बाजारात नाव काढून आहे, पानाच्या डब्याला चांदीची कडी आहे, आणि तरीही माझ्या मनात तिळाएवढंही काही आलेलं नाही. त्यावर ती म्हणाली की जळत नसलात तर कडी कशी ध्यानात राहिली. आता मी शिक्षक आहे. निरीक्षण हा माझ्या धंद्याचा भाग आहे.

वास्तविक मला जळायचं कारणच काय? माझी स्वतःची दोन घरं आहेत. एक हे बारामतीचं. ते विकत घेताना तेच रावजीतात्या कंत्राटदारांकडे गहाण टाकलं, तेव्हापासून दर महिन्याचा हप्ता घ्यायला तात्या जातीनं येतात. हप्ता मिळो न मिळो, ते भिंतींवरून हात फिरवतात, खांबाला टिचकी मारून बघतात आणि आमच्याच झोपाळ्यावर बसून आमचाच चहा पितात. गेल्या गुढीपाडव्याला मी गुढी बांधायला खिळा ठोकत होतो, तर दारातूनच ओरडले, "मास्तर, माज्या भिंतीला खिळा ठोकू नगा!" गुढी शेवटी विमलनं खिडकीच्या गजाला बांधली. माझं दुसरं घर निरवांगीचं, मामांनी माझ्या नावानं ठेवलेलं. ते धाब्याचं आहे, वर माती आहे, मातीवर गवत उगवतं आणि ते खायला कुळाच्या, म्हणजे कुशाबाईच्या, शेळ्या थेट छपरावर चढतात. एक कोपरा गेल्या पावसाळ्यात बसला. पण आबासाहेब, त्या घराच्या ओसरीवरून नीरा दिसते. तुमच्या हिशेबात ही गोष्ट धरत नसतील, मी धरतो.

त्या घराचे नकाशे काढणं हे माझं व्यसन. (विमल त्यांनी डब्यांच्या फळ्या मढवते. त्यामुळे आमच्याकडे मीठ नकाशातल्या दिवाणखान्यात आणि डाळ माडीवर असते.) पगार झाला की ती दोन डबे पुढं मांडते, एक तात्यांच्या हप्त्याचा, एक निरवांगीचा. मी हप्त्याच्या डब्यात पैसे टाकतो हे खरं, पण महिना संपेपर्यंत ते निरवांगीच्या डब्यात कसे जातात ते मला सांगता येत नाही. कधी पितळी बिजागऱ्या दिसतात, कधी कोणी दळलेल्या चुन्याची घाणी स्वस्तात देऊ करतो. आणि दोन वर्षांमागं इंदापूरच्या बाजारात ते दार दिसलं. सागवानी, दोन फळ्यांचं, वर कमळ कोरलेलं, पितळी कड्यांचं. कोणा सरदाराच्या मोडलेल्या घरातलं होतं म्हणे. मी ते घेतलं. घरी आणल्यावर कळलं की निरवांगीच्या मातीच्या भिंतीला ते पेलणार नाही आणि बारामतीच्या भिंतीत ते बसवायची तात्यांची परवानगी नाही. मग ते दोन वर्षं माजघरात भिंतीला टेकून उभं राहिलं. विमल त्याच्या कमळावर धोतरं वाळत घालायची. येणारे पाहुणे विचारायचे की हे दार कुठं उघडतं. मी म्हणायचो, निरवांगीला.

माघात तात्यांनी पुरतं बजावलं की थकलेलं सगळं दिवाळीपर्यंत चुकतं करा, नाहीतर हे घर माझं, आणि दोन्ही सांभाळत नसतील तर निरवांगी माझ्या नावावर करा, सगळं फिटलं समजा. त्यांची नजर कुठं होती ते तेव्हा उमगलं. त्यांनीही ओसरीवरून नीरा पाहिली असावी. निरवांगी द्यायची नाही एवढं मी छातीवर हात ठेवून ठरवलं आणि त्यासाठी दार विकलं. इंदापूरच्या झुंबर सुताराकडं स्वतः गाडीतून नेऊन पोचवलं. परतताना रिकाम्या गाडीत मला रडू आलं हे लिहायला मला लाज वाटत नाही. बैलांनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

अशा मनःस्थितीत तुमच्या घरभरणीचं आमंत्रण आलं. मी येणार नव्हतो, पण विमल म्हणाली, की न गेलात तर जळता म्हणतील आणि गेलात तर जळताना दिसाल, तेव्हा निदान जेवून तरी या. मुलांचा गोवर नुकताच उतरला होता, म्हणून तिला येता आलं नाही. इंदापूरपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढं बैलगाडी करून मी गावाच्या शिवेवर उतरलो. तिथं तुमच्या शेजारची तानूबाई पाण्याला चालली होती. मला बघताच तिनं घागर खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. "अगं बया! त्ये आबासाहेबांच्या माडीवर टांगल्यालं पावनं तुमीच न्हवं का?" मला वाटलं, तुम्ही माडीवर माझी तसबीर लावलीत. धाकट्या साडूची तसबीर दिवाणखान्यात लावणारा माणूस या जिल्ह्यात दुसरा नसेल. मी टोपी नीट केली आणि भेटेल त्याला रामराम करत निघालो. लोक रामराम घेत होते आणि हसत होते.

तुमच्या अंगणात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा दिसलं ते दार. माझं दार. कमळाला तेलपाणी केलेलं, कड्या घासलेल्या, वर आंब्याचं तोरण. झुंबरनं ते कोणाला विकलं हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानंही सांगितलं नव्हतं. मी तिथंच थबकलो. तेवढ्यात सिंधुअक्कांनी आतून कडी काढली आणि दोन्ही फळ्या उघडल्या, आवाज नाही की कुरकुर नाही, आणि आतल्या परसातून भीमेवरचा गार वारा थेट माझ्या तोंडावर आला. आबासाहेब, दोन वर्षं ते दार माझ्या घरात होतं. उघडताना मी ते परवा पहिल्यांदा पाहिलं. तुमच्या कौलांचा, इंजिनाचा, चांदीच्या कडीचा मला हेवा वाटला नाही असं मी वर लिहिलंय, ते सगळं खरं धरा किंवा खोटं धरा. पण या दाराचा वाटला.

तो लपवायला म्हणून मी मान वर केली, तर माडीच्या कठड्याला मी टांगलेला. दृष्टीचं बाहुलं घरोघर असतं. कडबा भरतात, मडक्याला तोंड रंगवतात, आमच्या बारामतीतही टांगतात. पण त्याच्या अंगात माझा लग्नातला चौकटीचा कोट, चौथं बटण हिरव्या दोऱ्यानं लावलेला! तो विमलनं अक्कांकडं गोधडीला म्हणून धाडला होता. मडक्याला माझ्यासारख्या आखूड मिशा आणि तारेचा चष्मा. शेजारच्या पंगतीला जमलेले लोक एकदा वर बघत होते, एकदा खाली. मी अक्कांकडे बघितलं, अक्कांनी तुमच्याकडे, तुम्ही पानाच्या डब्याकडे. तेव्हा छबूबाईंनी खुलासा केला, आणि तो पैलतीरावरच्यांनीही ऐकला असेल. "मास्तर, राग धरू नगा. पौषात तुमी पाया बघून 'वा' म्हनलासा, आन् दुसऱ्याच दिशी कोपरा खचला. गवंड्याचं बोट चेचलं. तवाच म्या सुनंला म्हनलं, तुमची नजर लई जबर हाय, दुसऱ्या कुनाचं फडकं हितं पुरं पडायचं न्हाय. ह्येंचाच कोट घाल. त्या दिसापासनं एक वीट हालली न्हाय बगा!" सगळी पंगत माना डोलवू लागली. एका म्हाताऱ्यानं तर मला बाजूला घेऊन, त्याच्या डाळिंबाच्या बागेला एखादं जुनं उपरणं मिळेल का, असं विचारलं.

यावर माणसानं काय करावं? उठून जावं, तर आमरसाची वाटी पुढं आलेली. मी बसलो. पुरणपोळ्या किती खाल्ल्या ते वाढणाऱ्यांना विचारा. (माझा अपमान जितका मोठा, तितकी माझी भूक मोठी, हे विमलनं लग्नातच ओळखलं होतं.) जेवणानंतर, निव्वळ तुमचं मन राखायला, मी खिशातला निरवांगीचा नकाशा तुमच्यापुढं उलगडला. तुम्ही बराच वेळ पाहिलात, पान चघळायचं थांबलात, बोटानं ओसरी मोजलीत आणि एवढंच विचारलंत, "ही आमच्यापरास रुंद हाय व्हय?" मी व्हय म्हणालो. मग तुम्ही तो घडी करून परत दिलात आणि विषय लिंबाच्या भावाकडं नेलात. बारामतीला परत येऊन पाहतो तर तात्या आमच्या झोपाळ्यावर बसून वाट बघत होते, आणि घरात शिरताना ज्या भिंतीला दार टेकलेलं असायचं तिथं चुन्याचा पांढरा चौकोन तेवढा उरलेला.

असो. मी चिडलेलो नाही. तुमचं घर उत्तम झालं आहे आणि त्याला कोणाचीही नजर न लागो, माझी तर नाहीच. अक्कांना आणि मातोश्रींना नमस्कार (मातोश्रींना जरा मोठ्यानं सांगावा). उत्तर टाका, न टाकलंत तरी मी समजून घेईन, सवय आहे.

तुमचा, निदान कपड्यांपुरता तरी तुमच्या घरातला,
रघुनाथ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. माझ्या बदलीचा हुकूम आला आहे. शाळा तुमच्या नरसिंहपूरची. हे घर नव्या साखर कारखान्याच्या एका इंजिनियरला भाड्यानं दिलं आहे. भाडं परस्पर तात्यांना मिळायचं, म्हणजे दिवाळीपर्यंत थकलेलं फिटतं आणि निरवांगीही वाचते. ही सगळी युक्ती विमलची. त्या काळात आम्ही चौघांनी कुठं राहायचं हाही प्रश्न तिनंच सोडवला आहे. माडीवरची नदीकडची खोली अक्कांनी तिला चैत्रातच कबूल केली म्हणे. तुम्हांला ठाऊक असेलच. नसेल तर या पत्रानं कळलं. येत्या गुरुवारी बिछाने घेऊन निघतो.

आणखी ता. क. आम्ही राहायला आलो तरी बाहुलं उतरवू नका. घरात आता मीही असणार. बाहेरच्या कोणाची नजर लागायला नको. फक्त त्याचा चष्मा सरळ करा, डावीकडं कललाय.

शेवटचं ता. क. घरभाडं तात्यांकडं आणि जेवण तुमच्याकडं झाल्यामुळं निरवांगीच्या डब्यात आता पैसे टिकतील. पुढच्या पाडव्याला तिथं पाया घालतो, ओसरी नकाशात आहे तेवढीच रुंद. नकाशा बघताना तुमचं पान चघळायचं थांबलं होतं, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा तुमचा एखादा जुना कोट आतापासून बाजूला काढून ठेवा.