अठरा इंचांची बैठक

विठ्ठलवाडी, ५ नोव्हेंबर २०२५

ती. सरोजताईस, त्र्यंबकचा सा. न. वि. वि.

तुझी जेवणाची खुर्ची, अंतराचा पाळणा, माझ्या पद्मिनी गाडीच्या चारही दारांचे आतले पत्रे, डॅशबोर्डवरची सागवानी पट्टी, सीटांच्या शिवणी, हँडब्रेकची तार. एवढं या दोन हातांनी केलंय. काचांची रबरं तेवढी विकत आणली, खोटं का सांगू. आयटीआयची पायरी चढलो नाही; बिघडवत बिघडवत शिकलो. हे तुझ्या चिरंजीवांना मोठ्यानं वाचून दाखव, कारण माझ्या अंतराच्या साखरपुड्याला अपूर्वनं मामाच्या गाडीला चारचौघांत डबा म्हटलं.

त्याची ती बावीस लाखांची मी नीट पाहून घेतली. पुढून दात विचकलेले, वरचे दिवे मिचमिचे, आणि खरे दिवे खाली बंपरात, जिथं पहिला धक्का बसतो. एसी कमी करायला काचेवर बोट घासत बसायचं. तेवढ्यात माजिवड्याचा पूल संपतो. छत उघडतं म्हणे. उघडून काय घ्यायचं, मेट्रोच्या कामाची धूळ? एवढ्या पैशांत स्टेपनीसुद्धा पुऱ्या मापाची नाही. मी डिकी उघडून पाहिली. आणि हा रणगाडा रोज एकट्या माणसाला ऑफिसला नेतो!

आता तू लग्नाला यायला जमणार नाही म्हणतेस. का गं? शहाडचा हॉल तुमच्या गाडीला अरुंद पडतो? आत्याशिवाय पोरीनं बोहल्यावर चढायचं कसं?

घोडबंदर रोडचा एक हॉटेलवाला पद्मिनी मागतोय, दारात शोभेला. देऊन टाकावी म्हणतो. अंतरा गेल्यावर मागच्या सीटवर बसणार तरी कोण?

राग आलाय, पण लोभाला धक्का नाही.

त्र्यंबक

माजिवडा, ११ नोव्हेंबर

चि. त्र्यंबकास अ. उ. आ.

तुझं पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही, उशीखाली ठेवलंय. फोनवर बोलले असते, पण सगळं घर ऐकतं.

अरे, मला त्या गाडीत चढताच येत नाही. दिवाळीत अपूर्वनं खालून ढकललं, ऋतिकानं आतून ओढलं, वॉचमन स्टूल घेऊन धावला. सून बिचारी हसली नाही, ते जास्त लागलं. बाजूला पायरी लावून घेऊ म्हणतो अपूर्व. पण पायरीवर पाय ठेवायलाही गुडघा उचलावा लागतोच ना! टॅक्सी केली तर दारात स्वतःची गाडी असताना आई भाड्याच्या गाडीनं गेली, हे त्याच्या मनाला लागेल. आईला पुढं बसवून मिरवायचं म्हणूनच घेतली, असं सगळ्यांना सांगत असतो. म्हणून मी येत नाही, हे त्याला कळू देऊ नकोस.

मला यायचं नाही असं कसं वाटलं तुला, गाढवा? अंतराचा पाळणा मीच पहिल्यांदा हलवला होता. पण आता तेवढ्या तुझ्या त्या खुर्चीवरच मला विनासायास उठता-बसता येतं. पद्मिनीचं काय करायचं ते तू ठरव. भांडणं मात्र आवरती घे.

आशीर्वाद आहेतच, न मागताही मिळतील.

सरोजताई

विठ्ठलवाडी, १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

म्हणजे बावीस लाख मोजले, आणि जिच्यासाठी घेतली तिलाच चढता येईना! ह्या गाड्या माणसाच्या मापानं करतच नाहीत, शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या मापानं करतात.

तुझी खुर्ची अठरा इंच उंच. मीच कापली, विसरेन कसा? पद्मिनीची मागची सीट जमिनीपासून मोजली, सतरा भरली. काल शिवण उसवली, एक इंच काथ्या भरला, पुन्हा शिवली. दार पुरतं उघडतं. आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. कुणी ढकलायला नको, ओढायला नको.

अपूर्वला काही सांगू नकोस. लग्नघरी बहिणीला न्यायला भाऊ मुराळी म्हणून जातो, आणि रीतीपुढं बावीस लाखांचं काही चालत नाही. मुराळी छप्पन्न वर्षांचा आहे, एवढं चालवून घ्या. अठ्ठावीसला सकाळी येतो. त्याला म्हणावं, रणगाड्यातून आहेराची भांडी आण, जागा भरपूर आहे.

तू मागं नीट टेकून बैस, त्यात लोभाबिभाचं सगळं आलं.

त्र्यंबक

ता. क. हॉटेलवाला सकाळी येऊन गेला. मागची सीट काढून तिथं फुलांच्या कुंड्या मांडणार होता. नाही म्हणून सांगितलं. साडेचार लाख रुपये देत होता.