खाली गादी न घालता खांबावर चढण्यापूर्वी केलेली व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय चोवीस, धंदा चाव्या बनवण्याचा, शिक्षण नववी पास (दहावीला बसलो होतो), आज लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवून, फूस लावून किंवा काही पाजून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. अक्षर थरथरले आहे ते भीतीने. शब्दकोश शेजारी ठेवून लिहीत आहे, तेव्हा शुद्धलेखनावर बोट ठेवून हा कागद कोणी बाद करू नये.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे. उद्या आमच्या फुटबॉल क्लबचा मोसमातला पहिला सामना आहे. आम्ही पाठीराखे, म्हणजे कठडा मंडळ, पश्चिमेच्या गॅलरीत कठड्याला धरून उभे असतो. सामना संपेपर्यंत बसायचे नाही, हा मंडळाचा एकमेव नियम. एक रीतही आहे : पहिल्या सामन्याआधी मंडळातल्या एकाने मैदानावरच्या दिव्याच्या खांबावर चढून हिरवा झेंडा बांधायचा. कोण चढणार ते चिठ्ठ्या टाकून ठरते. यंदा माझी चिठ्ठी निघाली. मी दुकानातल्या शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटतो, हे मंडळाला माहीत आहे. चिठ्ठी उघडल्यावर सर्वांत जास्त टाळ्या त्यामुळेच पडल्या.

माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम १. माझी हत्यारे, म्हणजे कानशी, पकडी, चावी घट्ट पकडायचा लहान शेगडा आणि चावी कापायचे यंत्र, ताईला द्यावीत. ती माझ्यापेक्षा चांगली चावी कापते. गिऱ्हाईक समोर असले की मी यंत्रापाशी उभा राहतो, एवढेच.

कलम २. ज्या चाव्या कोणी न्यायला आले नाही, त्यांचा डबा फेकू नये. माणसे विसरतात, मग वर्षांनी धापा टाकत येतात.

कलम ३. माझे दोन हिरवे मफलर. जुना बाबांना परत. नवा कोणालाही द्यावा, भोंग्याला सोडून.

भोंगा म्हणजे आमच्या मंडळाचा म्होरक्या. त्याला कर्णा लागत नाही, म्हणून हे नाव. तो माझा वैरी नाही. शाळेत एका बाकावर होतो, माझे डबे त्याने खाल्ले आहेत. पण पुढचे कलम वाचले की मफलर का नाही ते कळेल.

कलम ४. भोंग्याविषयीची तक्रार. ही मी कोणालाही देत नाही, पण नोंदवून ठेवतो.

मागचा मोसम संपत आला असताना आमचा क्लब विकला गेला. घेतला तो एका बाईंनी. त्यांचा गाद्यांचा कारखाना आणि दुकान आहे. मंडळात त्यांना गादीवाल्या बाई म्हणतात, मीही तसेच लिहितो. पहिल्या दिवशी त्या गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या प्रिय ग्राहकांनो!"

भोंगा म्हणाला, "आम्ही गिऱ्हाईक नाही."

"मग तिकीट का काढता?"

"सवय आहे."

बाई हसल्या. आमच्या पायांकडे बघून म्हणाल्या, "इतका वेळ उभे राहता? अरे देवा! बघते मी."

आणि त्यांनी खरोखरच बघितले. पुढच्या सामन्याला आलो तर गॅलरीत खुर्च्या. साध्या नाहीत, गादीच्या. टेकायला पाठ, ठेवायला हात. आमच्या उभे राहण्याचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. जागच्या जागी ठराव झाला : पहिला अर्धा वेळ मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. आम्ही सगळे पाठ करून उभे राहिलो. समोर रिकाम्या खुर्च्या. आम्ही त्यांच्याकडे बघतोय, त्या आमच्याकडे बघतायत. भोंगा खुर्च्यांना घोषणा ऐकवत होता.

तेवढ्यात आमच्या संघाने गोल केला.

आमचा संघ गोल करत नाही. तो बरोबरीत सोडवतो किंवा हरतो. त्या मोसमातला आमच्या मैदानावरचा तो पहिला आणि शेवटचा गोल, आणि मंडळातल्या एकानेही तो पाहिला नाही. वळून बघितले तर नऊ नंबरच्या अंगावर सगळे पडलेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आले, 'चतुराईने चेंडू जाळ्यात धाडला.' कसा, ते नाही. नऊ नंबरला विचारले तर एकदा म्हणाला हेडर, एकदा म्हणाला डावा पाय, तिसऱ्यांदा म्हणाला, "जाऊ दे ना राव." समोरच्या संघाचे लोक सांगणार नाहीत. राहिल्या बाई. त्या मालकांच्या कट्ट्यावरून बघत होत्या. पण त्यांना विचारायचे कोणी? त्यांच्याशी बोलणे बंद, असा ठराव होता.

आता मूळ तक्रार. यंदा बाईंनी निरोप पाठवला : झेंडा खुशाल बांधा, फक्त खांबाखाली गाद्या टाकते, मुलगा पडला तर लागू नये. मी मनातल्या मनात हात जोडले. भोंगा उभा राहिला (तो उभाच होता) आणि म्हणाला, "ज्या बाईनं आपल्याला गोल बघू दिला नाही, तिच्या गादीवर आपला माणूस पडणार? पडायचं तर आपल्या मातीवर! मंडळाच्या झेंड्याखाली मालकाची गादी चालणार नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला, कारण सगळे माझ्याकडे बघत होते. मान मंडळाची, मोडणार माझी.

कलम ५. कठड्याजवळची माझी जागा. ही माझी सर्वांत मोठी मिळकत आहे.

गॅलरीच्या कठड्याला गोल डोक्याचे खांब आहेत. डावीकडून तिसऱ्या खांबापाशी बाबा उभे राहायचे. त्यांच्या पकडीने त्या खांबाचा रंग उडाला आहे. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला तिथे नेऊन उभे केले, म्हणाले, "धर," आणि घरी गेले. तेव्हापासून ते मैदानावर आलेले नाहीत. पूर्ण सामना उभे राहता येत नाही, आणि बसायचे नाही हा नियम करणाऱ्यांत तेही होते. सामना ते घरी रेडिओवर ऐकतात, स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकून अर्धवट उभे राहून. आई ओरडते, "अहो, इथे कोण बघतंय तुम्हाला? बसा की!" ते म्हणतात, "मला कळतं ना."

ही जागा मी बाबांना परत देतो. अडचण एवढीच की त्यांना उभे राहता येत नाही, आणि त्या खांबापाशी आता एक गादीची खुर्ची आहे जिच्यावर मंडळाचा बहिष्कार आहे. ही अडचण कशी सोडवावी हे मला सुचत नाही. कलम तूर्त अर्धे ठेवतो.

कलम ६. मालकीणबाईंना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. कानशीसुद्धा नाही.

कलम ७. या व्यवस्थेची अंमलबजावणी ताईने करावी. आईवर टाकू नये, ती रडता रडता सगळे वाटून मोकळी होईल.

*(येथून पुढचा मजकूर त्याच दिवशी संध्याकाळी, गाद्यांच्या दुकानातल्या टेबलावर लिहिला आहे. शाई वेगळी आहे ती त्यामुळे.)*

कलम सात संपल्यावर कळले की दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये. मी यादी करून पाहिली. आईला भांडी आणि माझा पलंग (वर लिहायचे राहिले, पण द्यावा). ताईला हत्यारे. बाबांना जागा. शेजाऱ्यांना सायकल (हेही राहिले). मंडळातल्या प्रत्येकाला काही ना काही (तेही राहिले), भोंग्याच्या नावावर तक्रार. ज्यांना मी निक्षून काहीच दिलेले नाही अशी ओळखीची एकच व्यक्ती निघाली.

म्हणून कागद घेऊन मी बाईंच्या दुकानात गेलो. तर तिथे आई. एका गादीवर चक्क आडवी पडलेली, डोळे मिटून. शेजारी बाई उभ्या.

"आई! तू इथे काय करतेस?"

"गादी बघते. ही बरी आहे, पण खाली बसते. हा वरून येणार आहे, बाई, नुसता झोपणार नाहीये."

बाई म्हणाल्या, "अहो, मी कधीची सांगतेय, गाडी भरून गाद्या देते. फुकट."

"फुकटची नको. तुमची राहिली तर ह्यांचा ठराव आडवा येतो. मी विकत घेतली की माझी झाली. आमच्या घरच्या गादीवर आमचा मुलगा पडला तर भोंग्याच्या बापाचं काय जातं? फक्त भाव नीट लावा."

इतका साधा उपाय पूर्ण मंडळाच्या बैठकीत कोणाला सुचला नाही. आईने सर्वांत जाड गादी घेतली, आणि घासाघीस करून वर एक उशीही घेतली. उशी का, विचारले, तर म्हणाली, "डोकं कुठे पडेल सांगता येतं का?"

मग मी बाईंसमोर कागद ठेवला आणि सांगितले, की आमचे बोलणे बंद आहे, तरी फक्त सहीपुरते बोलतो. बाईंनी उभ्या उभ्या सगळा कागद वाचला. कलम सहा वाचून म्हणाल्या, "कानशीसुद्धा नाही?"

"नाही."

"बरं." मग कलम चारवर परत गेल्या. "म्हणजे तो गोल तुम्हाला माहीतच नाही?"

हे सहीपुरत्या बोलण्यात धरावे की नाही, कळेना.

"मला फुटबॉलमधलं काही कळत नाही बरं का," बाई म्हणाल्या. "पण मी बघितलं ते सांगते. तुमचा तो नऊ नंबर गोलपाशी नुसता उभा होता. तुमची गॅलरी अशी पाठ करून का उभी, म्हणून तो वळला, तोंड उघडं टाकून तुमच्याकडे बघत बसला. मागून कुणीतरी चेंडू मारला, तो ह्याच्या पाठीवर आदळला आणि आत. ह्याला कळलंसुद्धा नाही. सगळे अंगावर पडले तेव्हा तो घाबरून ओरडला, 'मी काय केलं?'"

आतल्या खोलीतून एकदम आवाज आला, "अगदी तस्सं! पाठीवरून!" दुकानात गाद्या शिवणारा कारागीर सुई हातात घेऊन बाहेर आला. तो त्या दिवशीच्या समोरच्या संघाचा पाठीराखा निघाला; उद्याही आमच्यासमोर तोच संघ आहे. "मी होतो तिथे. आजवर कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? पाठीनं हरलो आम्ही."

मी गादीवरच बसलो. बसलो हे लिहून ठेवतो, कारण मैदानाबाहेर नियम लागू नाही.

आता शांतपणे लिहितो, आणि हेच माझे शेवटचे कलम.

कलम ८. तो गोल, आणि कलम ५ चा उरलेला अर्धा भाग. आम्ही पाठ केली नसती तर नऊ नंबर वळला नसता. तो वळला नसता तर चेंडू त्याच्या पाठीला लागला नसता. म्हणून तो गोल कठडा मंडळाचा आहे, तो मी मंडळाच्या नावे करतो. परंतु खुर्च्या आल्या नसत्या तर आम्ही पाठही केली नसती. म्हणजे त्या गोलमध्ये खुर्च्यांचाही हिस्सा निघतो, आणि तो नाकारणे माझ्या बुद्धीला पटत नाही. मंडळाला पटत असल्यास त्यांनी गोल परत करावा.

खुर्च्यांच्या त्या हिश्श्यापोटी तिसऱ्या खांबापाशी असलेली एक खुर्ची मंडळाने आपली मानावी. तीवर बाबांनी बसावे. ते बसले तर तो नियमभंग धरू नये. खांब त्यांनी बसूनही धरावा, हात पोहोचतो, मी मनात मोजून पाहिले आहे. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता उद्यापासूनच लागू करावे. मृत्युपत्रात असे चालते का, मला ठाऊक नाही. बाबांना मात्र आज रात्रीच सांगणार आहे. फ्रिजपासून त्यांना हलवायला आई आणि ताई दोघी लागतील.

भोंग्याला हे कलम मोठ्याने वाचायला सांगावे. त्याने आवाज न चढवता पूर्ण वाचले, तर नवा मफलर त्याला द्यावा.

वरील सर्व मी पुन्हा एकदा वाचून पाहिले, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि समजून उमजून खाली सही करत आहे.

ठिकाण : पहिली सात कलमे आमच्या स्वयंपाकघरात, बाकी गाद्यांचे दुकान.
दिनांक : पहिल्या सामन्याच्या आदला दिवस, शनिवार, दुकान बंद व्हायच्या आत.

(सही) चावीवाला, कठडा मंडळ

साक्षीदार पहिली : याने माझ्यादेखत सही केली. मला यातून काहीही मिळत नाही, हे वाचून खात्री केली. तिसऱ्या खांबापाशी खुर्ची आहे, ती तिथेच राहील. वरून पडून खराब झालेली गादी बदलून मिळणार नाही, हे त्याच्या आईला सांगितले आहे. त्यांना ते मान्य नाही.
(सही) क्लबची मालकीण

साक्षीदार दुसरा : माझ्यादेखत सही झाली. मीही उद्या मैदानावर आहे, समोरच्या गॅलरीत. आमचाच संघ जिंकावा. पोरगा मात्र पडू नये.
(सही) गाद्या शिवणारा