सलीमची भरपगारी रजा

मंगळवार, संध्याकाळ. मुकुंदवाडी.

माझ्या खोलीतला सलीम आज नाचतच आला. शेंद्र्याच्या कंपनीत परमनंट आहे तो. बहिणीच्या लग्नाला भरपगारी रजा मिळाली म्हणे. लई जळलो मी. माझ्या ताईचंबी लग्न रविवारी, तिकडं किनवटला. नवरदेवाचा कान भावानंच पिळायचा असतो. पण मी ॲपवर जेवण पोचवतो. चार दिवस बंद ठेवलं, की गर्दीच्या वेळेचं काम दुसऱ्याला जातं.

"तुला काय रे, तू तुझा मालक," सलीम हसला. "कुणाला विचारायचंबी नाय."

व्हय, कामावर घेताना ॲपवाल्यांनी हेच सांगितलं होतं. मग जात का नाय मी? ह्यानं साहेबापुढं हात जोडले, रजा घेतली. भरपगारी! मला नाय म्हणणाराच कुणी नाय. असता, तर त्याच्याशी भांडून तरी गेलो असतो.