चौदा किलो सहाशे ग्रॅम

पुणे,
११ मार्च २०१५

ती. स्व. पद्माकररावांना मनोहरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात निम्माच होतो, उरलेला कागदावर घ्यावा.) तुमचा खोकला, वहिनींची आखडलेली बोटं आणि हापूस म्हणून लावलेलं आणि रायवळ निघालेलं ते परसातलं झाड, सगळ्यांची खुशाली कळवावी. माझी प्रकृती ठणठणीत आहे. वजन दोन किलो उतरलं आहे, पण त्याचं कारण पुढे येईल.

पत्र अशासाठी, की तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय तुम्ही स्मिताचे थोरले भाऊ. तुमच्या बहिणीने सिंगापूरला माझं काय केलं, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. महिना होत आला, पण अजून तो प्रसंग आठवला की मी हातातलं काम खाली ठेवतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, की आम्ही जानेवारीत ऋताकडे गेलो. लेक, जावई अनीश आणि आठ वर्षांची नात प्रणिता, अशी तिघं तिथल्या चोआ चू कांग भागात अकराव्या मजल्यावर राहतात. चार आठवडे उत्तम गेले. (म्हणजे मला तसं वाटत होतं.) शेवटच्या दोन दिवसांसाठी अनीशने आम्हाला सेंटोसा बेटावरच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये ठेवलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली म्हणून भेट. छत्तिसाव्या वर्षी कोण भेट देतं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण समोर समुद्र आणि नाश्त्याला अकरा प्रकारचे पाव असले, की माझ्यासारख्या निवृत्त निरीक्षकाचीही तपासणी ढिली पडते.

आता मुख्य गोष्ट. त्या रिसॉर्टच्या खालच्या दालनात विमानाचं सामान घेण्याचा काउंटर होता. तुम्ही चुकून वाचलं नाहीत, काउंटर विमानतळावर नव्हे, हॉटेलातच होता. विमान संध्याकाळचं, पण बॅग सकाळी दहालाच द्यायची, ते बोर्डिंग पास हातात ठेवणार आणि मग आपण दिवसभर मोकळ्या हातांनी हिंडायचं. बॅग म्हणे थेट मुंबईला भेटते. हे ऐकून मी हबकलोच. अहो, एस.टी.च्या टपावर ट्रंक टाकली तरी आपण दर थांब्याला खाली उतरून बघतो, आणि इथे बॅग कुठल्याशा मुलीच्या हवाली करून समुद्रावर जाऊन शहाळं प्यायचं! अनीश म्हणाला, बाबा, तुम्ही तिकडे फिरकूच नका, साडेदहाला येऊन मीच बॅग देतो. हे तो तीन वेळा म्हणाला. स्मिता दोन वेळा म्हणाली. ऋताने तर मला नाश्त्याच्या टेबलावरून उठूच द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. मग बायका आणि नात समुद्रावर गेल्या, आणि मी दहाला वीस मिनिटं कमी असताना बॅग ढकलत जाऊन रांगेत पहिला उभा राहिलो. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेल्या माणसाला, तुझ्या बॅगेचं वजन दुसरा कोणी करील म्हणता?

काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर हुई मिन असं नाव होतं. आपल्या प्रणितापेक्षा फार मोठी वाटत नव्हती, पण कामात पक्की. मी दोघांचे पासपोर्ट दिले. तिने माझा ठेवून घेतला आणि स्मिताचा दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, मला परत केला. म्हणाली, या बाई आज जात नाहीयेत. मी हसलो. म्हटलं, मुली, तुझ्या कॉम्प्युटरला बरं नाही. नवराबायको एका तिकिटावर आले आहेत, एका तिकिटावर जाणार. माझ्याकडचा छापील कागदही दाखवला. ती पुन्हा कॉम्प्युटरकडे पाहून म्हणाली, अंकल, एकच नाव आहे. मी म्हटलं, ते राहू दे, आधी बॅग ठेवू, मग तुझ्या साहेबांशी बोलतो.

बॅग काट्यावर ठेवली. आकडा आला चौदा किलो सहाशे ग्रॅम.

पद्माकरराव, जाताना आमचं सामान अठ्ठावन्न किलो होतं. त्यात भाजणी, मेतकूट आणि वहिनींनी दिलेली कुरडयांची पिशवी होती हे मान्य. ते सगळं तिथे उतरलं, हेही मान्य. पण दोन माणसांचे महिन्याचे कपडे, तुमच्या बहिणीच्या सहावारी साड्या, तिचा शेकण्याचा पट्टा, आणि या सगळ्याचे मिळून चौदा सहाशे? अशक्य! मी त्या मुलीला सांगितलं, काटा खोटा आहे. मागे रांगेत पंधरावीस माणसं, एक नवविवाहित जोडपंही होतं, सगळे थबकले. मी वाकून काट्याची पडताळणी कधी झाली ते शोधलं. शिक्का होता, तारीख होती, मुदतीत होती. (माझी थोडी निराशा झाली.) तेव्हा मी खिशातला माझा स्प्रिंगचा काटा काढला. तो मी कुठेही नेतो, हे तुम्ही जाणता, तुमच्या मुलाच्या लग्नात आचाऱ्याचे वजनात कमी भरलेले पेढे त्यानेच पकडले होते. हुकला बॅग अडकवली, नवविवाहिताला एका बाजूने धरायला लावलं आणि उचलली. चौदा सहाशे. माझा स्वतःचा काटा! माझे डोळेच पांढरे झाले.

याच घटकेला त्या मुलीने नेमातला प्रश्न विचारला, की ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का? सगळे शहाणे लोक हो म्हणतात, असं नंतर अनीशने सांगितलं. पण मी सरकारी नोकरीत एकही खोटा जबाब लिहिलेला नाही. मी म्हटलं, नाही. मग कोणी भरली? बायकोने. बायको कुठे आहे? समुद्रावर. मग आत काय आहे हे तुम्हाला माहीत आहे का? मी खरं ते सांगितलं, की छत्तीस वर्षांत माझ्या बॅगेत काय असतं हे मला कधीच माहीत नव्हतं. तिने दीर्घ श्वास घेतला आणि एका गणवेशातल्या गृहस्थाला बोलावलं. बॅग संगमरवरी काउंटरवर उघडण्यात आली.

वर माझे शर्ट. खाली माझे शर्ट. माझे लेंगे, माझी कानटोपी, माझ्या नाडीच्या चड्ड्या (गणवेशातल्या गृहस्थाने त्या दोन बोटांत धरून उजेडात पाहिल्या), माझ्या वारांप्रमाणे लावलेल्या गोळ्या. साडी एकही नाही. शेकण्याचा पट्टा नाही. तुमच्या बहिणीचा म्हणून एक रुमालसुद्धा त्या बॅगेत नव्हता. आणि तळाशी एक दोनशे पानी वही, प्रणिताच्या शाळेची, वर कव्हर घातलेली. मी उघडली. स्मिताचं अक्षर. पहिल्या पानावर एकच वाक्य होतं, 'घाबरू नये.' दुसऱ्या पानावर अनुक्रमणिका. भात, पान चार. वरण, पान सहा. गॅसचा कॉक, पान सात आणि पुन्हा पान एकोणीस. दूधवाल्याशी मापावरून आणि भाजीवालीशी काट्यावरून वाद घालू नये, त्या दोघांवरच आपलं घर चाललं आहे, पान बावीस. त्या मुलीने अदबीने विचारलं, हे कसलं पुस्तक, अंकल? कुठल्या यंत्राचं मॅन्युअल आहे का?

तेवढ्यात अनीश धावत आला. माझ्याकडे, उघड्या बॅगेकडे आणि वहीकडे पाहून तो जो पांढराफटक पडला, त्यावरून मला कळलं की घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. तिकीट चार दिवसांपूर्वीच बदललेलं. ऋताने आईच्या तिथे राहण्याच्या पासची मुदतही वाढवून घेतलेली. मला दुपारी जेवल्यावर सांगायचं ठरलं होतं, कारण उपाशीपोटी मी ऐकून घेत नाही, असं म्हणे सर्वानुमते ठरलं. बॅग तोवर अनीशच्या हातून गुपचूप गेलेली असायची.

मग तिघी समुद्रावरून आल्या. तुमच्या बहिणीचे केस ओले होते. मी दालनाच्या मधोमध, सगळ्या रांगेदेखत विचारलं, की हा काय प्रकार आहे? उत्तर दिलं ते प्रणिताने, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, "आजोबा, आजी लर्निंग स्विमिंग लाह! यू डोन्ट नो मेह?"

नाही, आय डोन्ट नो! एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा लावणारी बाई, चोआ चू कांगच्या सार्वजनिक तलावात, सत्तर वर्षांच्या एका चिनी आजीबाईंकडून पोहायला शिकते आहे, आणि मला सांगते की भाजी आणायला जाते! आठवड्यातून तीनदा न्हायची, मला वाटायचं काही व्रत धरलं असेल. मी तर मनातल्या मनात तिचं कौतुक करत होतो.

मी पुष्कळ बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, रांगेतल्यांना मराठी येत नव्हतं हे नशीब. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "पाच शिकवण्या झाल्या. अजून काठ सुटत नाही हातातून. तो सुटल्याशिवाय मी येणार नाही." मी म्हटलं, मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो का? तर म्हणाली, "तुम्ही नाही कधीच म्हणत नाही हो. तुम्ही 'बघू' म्हणता. छत्तीस वर्षं मी बघूच ऐकतेय."

आणि या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात, हेही तेव्हाच कळलं. वाईला घाटावर तुम्ही आणि तुमचे मित्र कृष्णेत उड्या टाकायचात, आणि ही पायरीवर तुमचे कपडे आणि चपला मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस पाण्यात पाय घातला तर तुमच्या आईने घरी नेऊन मारलं. तुम्हाला हे आठवतं का? मला तिने कधी सांगितलं नव्हतं. त्या चिनी आजीबाईंना मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, खुणांनी.

बॅग पुन्हा भरली ती मीच. नीट बसेना, तेव्हा स्मिताने पुढे होऊन शर्टांच्या घड्या घालून दिल्या, आणि तेवढा वेळ आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता त्या बॅगेकडे बघत होतो. मग हुई मिनने पट्टी लावली, बॅग आत सरकली आणि गेली. विमानात शेजारच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले, आणि त्यांना मी खिडकी दिली.

असो. घडलं ते घडलं. माझी कसलीही तक्रार नाही. वही उत्तम आहे, भात जमतो, वरण वहीप्रमाणे केलं तरी वहीप्रमाणे होत नाही, पण चालतं. येत्या पंधरा तारखेला ती यायची होती. परवा फोन आला, की आणखी एक महिना राहते. मी म्हटलं, खुशाल राहा. मला एकट्याला काही अडत नाही. तुम्हीही तिला काही म्हणू नका. वहिनींना नमस्कार.

आपला,
मनोहर

ता. क. वर लिहिलं ते रीतीसाठी. खरं काम असं की तुम्ही तिला ताबडतोब एक पत्र टाकावं. ऋताचा पत्ता मागे लिहिला आहे. त्यात तुमचा खोकला छातीत उतरला असून बहिणीला बघावंसं वाटतं, असं लिहावं. अक्षर थोडं थरथरतं काढावं. मी सांगून ती येणार नाही, कारण मी 'ये' असं म्हणायला गेलो की तोंडातून 'बघू' निघतं. पद्माकरराव, चहाला मी अजून रोज दोन कप आधण ठेवतो. एक ओतून देतो. हे कोणाला सांगू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवून झालं होतं, ते फोडलं. दुपारी ऋताने मोबाइलवर चित्रफीत पाठवली. सतरा सेकंदांची आहे. त्यात स्मिता काठ सोडते. बुडणार असंच वाटतं, मी खुर्चीतून उठलोच. मग चार हात मारते, पाच मारते, पलीकडचा काठ धरते, नाकातोंडातलं पाणी पुसते आणि मोबाइलकडे बघून विचारते, "पाहिलंत का?" पाहिलं, असं मी मोठ्याने म्हणालो. घरात कोणी नव्हतं. मग फोन लावला आणि तेच तिला पुन्हा सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. रडत असावी. तरी वरचं पत्र तुम्ही मुळीच लिहू नका. खोकला आहे तेवढाच राहू द्या.

ता. क. ३. मी येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने वाईला येतो. तुम्ही निम्म्या गावाला पोहायला शिकवलंत म्हणतात. सहासष्ट वर्षांच्या, बहात्तर किलोच्या माणसाला शिकवाल का? पाण्याची मला लहानपणापासून भयंकर धास्ती आहे, हे स्मितालाही माहीत नाही. मला महिन्याभरात निदान इतकं यायला हवं, की ती पलीकडच्या काठाला गेली तर मला अलीकडे तिचे कपडे सांभाळत बसावं लागू नये. घाटावर फारसं कोणी नसेल अशी वेळ ठरवा. स्मिताला यातलं काही कळवू नका. (कळवलंत तर माझी हरकत नाही.)