न टोचलेले बटाटे

किलबार्नेट,
नोव्हेंबरातला ओला मंगळवार

माझी एकुलती एक मेहुणी अट्राक्टा हिला मॉसीचा सप्रेम सलाम.

तुझा खुबा कसा आहे? लीड्सची हवाही इथल्यासारखीच ओली असते म्हणे, तेव्हा लोकरीचे पायमोजे घालत जा आणि मांजराला पायात घोटाळू देऊ नकोस. इकडचं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. (ठणठणीत म्हणजे सकाळी उठतो, आणि उठलोच आहे म्हणून दिवस काढतो.)

ब्रीडीला जाऊन महिना होईल, त्यानिमित्तच्या चर्चमधल्या मिस्सेला तुला यायला जमणार नाही, बहीण नसलेल्या घरात पाऊल टाकवणार नाही, असं फोनवर म्हणालीस, ते मला अगदी पटलं. मलाही टाकवत नाही, पण माझे बूट आतच असतात. तू खुशाल येऊ नकोस. हे पत्र त्यासाठी नाहीच. हे पत्र बटाट्यांबद्दल आहे.

रविवारी मिस्सा झाली की माणसं जेवायला घरी येणार. हॅम शेजारची कन्सेप्टा आणणार आहे. आणि हॅमच्या बाजूला ब्रीडीचे भरलेले बटाटे हवेतच, म्हणून तेही तीच करणार होती, डब्यातला मका घालून. मका! तुझ्या बहिणीनं त्या मक्याला जन्मभर नावं ठेवली, आणि ती गेल्यावर महिन्याच्या आत तोच मका तिच्या टेबलावर मांडायचा? माझ्या तोंडून निघून गेलं, की बटाटे मी करतो. आता शब्द देऊन बसलोय. (माझी मजल उकडलेल्या अंड्यापर्यंत, आणि तिथंही कधी कधी अंडंच जिंकतं.)

म्हणून काल रंगीत तालीम केली. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसून बघितलंय, त्यामुळे वाटलं, येतंच की आपल्याला. बटाटे सालीसकट भाजायचे, अर्धे कापून आतला गर काढायचा, लोण्यात कुस्करायचा, त्यात परतलेला कोबी, गाजर, कांद्याची पात आणि मूठभर किसलेलं चीज घालून परत सालीत भरायचा, वर आणखी चीज, आणि पुन्हा ओव्हनमध्ये. उकडताना साल फुटली की बटाटा हसला असं आपण म्हणतो; तसे खूप हसणारे, पिठूळ बटाटे मी मुद्दाम निवडून घेतले. घरात कुणीतरी हसावं, एवढाच विचार.

आता ब्रीडीची सवय तुला माहीत आहे. ओव्हनमध्ये घालण्याआधी ती एकेका बटाट्याला काट्यानं टोचायची आणि टोचताना एकेकाचं नाव घ्यायची. हा कन्सेप्टाला, मक्याबद्दल. हा पाद्रीबुवांना, लांबलेल्या प्रवचनाबद्दल. हा मॉसीला, चिखलाच्या बुटांबद्दल. (नाताळला आली नाहीस की एक तुलाही असायचा. जरा खोल.) मी आपला समजत होतो, हा बाईचा राग काढायचा प्रकार आहे. माझं तर कुणाशी वाकडं नाही. म्हणून मी एकही टोचला नाही.

अट्राक्टा, ते हसले नाहीत, फुटले. पहिल्या आवाजाला मी टेबलाखाली वाकलो आणि दुसऱ्या आवाजाला कन्सेप्टा दार ढकलून आत आली, एका पायात चप्पल, चेहरा पांढराफटक.

"मॉसी! अरे मेल्या, बंदूक झाडलीस की काय?"

"बटाटा हसला," मी म्हणालो.

तिनं ओव्हनमध्ये डोकावून बघितलं. "हे हसणं? वाफ कोंडून मेले बिचारे! टोचले नव्हतेस?"

"कुणाच्या नावानं टोचू?"

"माझ्या टोचायचेस की! ती टोचायची ते मला ठाऊक नव्हतं, असं वाटलं तुला?" असं म्हणून ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. मग आम्ही दोघं मिळून ओव्हन खरवडत बसलो. बंदुकीबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही, मीही नाही.

असो. खुब्याला शेक देत जा.

तुझा मेहुणा,
मॉसी

ता. क. – त्या भाजीत ब्रीडी आणखी काहीतरी घालायची. जायफळ की मोहरी, मला आठवत नाही. तुमच्या आईची कृती, तेव्हा तुलाच ठाऊक. पत्रानं कळवू नकोस, उत्तर यायला रविवार उलटेल. फोनवर मला नीट ऐकू येत नाही. तिसरा मार्ग मला तरी सुचत नाही.

ता. क. दुसरा – आज पुन्हा केले. काटा हातात धरून बराच वेळ उभा राहिलो, नाव सुचेना. मग एक सुचलं, आणि सगळे त्याच नावानं टोचले. ब्रीडी, ब्रीडी, ब्रीडी. न सांगता गेल्याबद्दल. एकही फुटला नाही. तिच्यावर इतकं रागवायचा हक्क माझ्याखेरीज आता एकाच माणसाला उरलाय. रविवारचे अर्धे बटाटे मी न टोचता ठेवतो. दुसरा काटा काढून ठेवलाय.