गच्चीवर ‘मी’ विरघळतो

५ जानेवारी १९८६, रविवार
मुलुंडला व्याख्यान ऐकलं. आपली गोष्ट चारचौघांत सांगितली की ‘मी’ विरघळतो आणि माणसं एक होतात. सुरुवात ऐकली. पुढे माझीच गोष्ट मनात जुळवत बसलो, त्यामुळे विरघळायचं नेमकं कसं, ते राहिलं. हरकत नाही. मूळ मुद्दा कळला.
संकल्प: आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर दर रविवारी चार वाजता कथनसभा. संध्याकाळी टीव्हीवर पिक्चर असतो. त्याच्या आत मानवजात एक करायची.

६ जानेवारी
हिला सांगितलं. सुलक्षणा म्हणाली, “अहो, मग मलाही एक सांगायचंय.” कशाबद्दल, विचारलं. “सभेतच सांगेन. लग्न झाल्यापासून कुणी विचारलं नाही.” म्हटलं, अगं, मी होतो की घरात!
खूश झाली असावी. भाकऱ्या जोरात थापत होती.
पहिल्याच सभेत तिला पाच मिनिटं देणार.

१२ जानेवारी, रविवार
झकास सभा! सतरंजी भरली. जन्मापासून सुरुवात केली. शाळेत नाव घातलं तेव्हा पाच वाजून गेले होते.
तिसऱ्या मजल्यावरचे दशरथ परब (गिरणी सुटल्यापासून घरीच असतात) माझ्या दर वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणू लागले. त्यांच्या गावी देवाला गाऱ्हाणं घालताना एकजण उभा राहून लांब सुरात बोलतो आणि बाकीचे असा होकार देतात. मी उभा होतो. सूर लांब होता. बघता बघता सगळी गच्चीच म्हणू लागली.
“मला लहानपणी गोवर आला...”
“व्हय म्हाराजा!”
अंगावर काटा आला. एकता इतक्या लवकर येईल असं व्याख्यात्यालाही वाटलं नसेल. खाली उतरतानाही लोक हसत होते. आनंदच तो.
हिची पाच मिनिटं राहिली. पुढच्या खेपेला.

१५ जानेवारी
तळमजल्यावरच्या ऑलिव्हबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “चंद्रप्रकाशभाऊ, सुलक्षणाला कधी चान्स देणार? बिचारी भांडी घासताना प्रॅक्टिस करते. मला खाली ऐकू येते ना!”
मला कधी ऐकू आली नाही. मी त्या वेळी माझी प्रॅक्टिस करत असतो.
म्हटलं, अध्यात्मात घाई नको. आधी माझा ‘मी’ विरघळू दे, जरा मोठा आहे.
त्या म्हणाल्या, “ते दिसतेच.”
ओळखलं बाईंनी.

१९ जानेवारी, रविवार
माझ्या मॅट्रिकपर्यंत पोचलो. मग शब्दाप्रमाणे हिला उभं केलं. म्हणाली, “लग्नाआधी मी पहाटे आरेच्या दूध केंद्रावर बसायचे. तिथे एक...”
दुधावरून मला माझं दुधाचं कार्ड हरवल्याचा प्रसंग आठवला. तो आत्ताच सांगणं भाग होतं, नाहीतर विसरलो असतो. प्रसंग रंगला. पिक्चरची वेळ झाली.
हिने सतरंजी गुंडाळायला घेतली. मी अजून तिच्यावर उभा होतो.

२२ जानेवारी
घरात एकता कमी वाटते. हिचं माझ्याशी बोलणं: जेवा. चहा घ्या. सरका.
संकल्प: येता रविवार पूर्ण हिचा. मी मौन. फक्त प्रस्तावना करीन.

२६ जानेवारी, रविवार
प्रस्तावना आटोपशीर ठेवली होती, माझ्या लग्नापासूनच. चारला गच्चीवर गेलो. कुणी नाही. सुट्टी, झेंडावंदन, झोपले असतील. एकट्यानेच प्रस्तावनेची तालीम केली.
खूप वेळाने दशरथराव वाळत घातलेली लुंगी काढायला आले. “तुमी हयसर काय करतास? सगळी ऑलिव्हबाईकडे जमली हत. वयनी बोलतत!”
धावत खाली. दारात चपलांचा ढीग. आतून हसणं. मग एकदम शांतता. मग कुणीतरी नाक ओढलं. माझ्या सभेत एकदाही कुणी नाक ओढलं नव्हतं.
मी आत गेलो तेव्हा गोष्ट संपली होती. दशरथरावांच्या शेवंतीवहिनी हिचा हात धरून बसल्या होत्या. ऑलिव्हबाई डोळे पुसत चहा ओतत होत्या. काय गोष्ट होती, विचारलं.
शेवंतीवहिनी म्हणाल्या, “तुमका म्हायत नाय?”
सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकाच नजरेने.

२७ जानेवारी
ऑफिसातून आल्या आल्या म्हटलं, मला सांग ना. खरंच ऐकायचंय.
ती कणीक मळत राहिली. मग कणीक तशीच ठेवून समोर येऊन बसली. हात पिठाचे. “मधे बोलायचं नाही,” म्हणाली. मी शब्द दिला.
“केंद्रावर रोज एक म्हातारा यायचा. सगळ्यांच्या आधी. निळ्या झाकणाची एक बाटली घ्यायचा, आणि दूध तिथेच...”
निळी झाकणं तेव्हा नव्हती गं, ती नंतर आली. एवढंच म्हणालो मी.
तिने माझ्याकडे पाहिलं. उठली.
कणीक मळून झाली. पोळ्या झाल्या. जेवणं झाली. त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते अख्ख्या बिल्डिंगमध्ये फक्त मला माहीत नाही.